नाकाच्या पडद्याचे छिद्र : नव्या ग्राफ्टची पारख

अहवाल वर्षात कान-नाक-घसा विभागाकडून खरेदी समितीपुढे एक मागणी आली. नाकाच्या मधल्या पडद्याला पडलेले छिद्र बुजविण्यासाठी, प्राण्याच्या ऊतीपासून तयार केलेले पातळ पटल हवे होते. सोबतच्या माहितीपुस्तिकेत सशांवरील चाचण्यांचे निष्कर्ष ठळकपणे छापलेले होते. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. दरपत्रके ताडून पाहणे आम्हांस जमते. परंतु सशाच्या नाकात टिकलेली वस्तू रुग्णाच्या नाकात कितपत टिकेल, हे दरपत्रक सांगत नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांकडून विषय समजून घेतला. देणगीदारांच्या पैशाचा विनियोग कोणत्या विचाराने होतो हे कळावे, यास्तव तो येथे मांडीत आहोत.

नाकाच्या पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंच्या श्लेष्मल त्वचेकडून तिचे पोषण होते. ही त्वचा समोरासमोर दोन्हीकडे नष्ट झाली की मधली कूर्चा मरते व आरपार छिद्र पडते. पूर्वीची शस्त्रक्रिया, मार लागून साठलेले रक्त, नाक कोरण्याची सवय, क्षय वा कुष्ठरोगासारखे आजार ही त्याची काही कारणे होत. क्रोमियमचा मुलामा देण्याच्या कारखान्यांतील आम्लयुक्त वाफेनेही असे छिद्र पडते. रुग्णास खपल्या धरणे, वारंवार रक्त येणे, नाक चोंदणे असा त्रास होतो. छिद्र लहान असल्यास श्वासागणिक शिटी वाजते.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे किंवा सिलिकॉनचे बटण बसविणे, हे सौम्य उपाय होत. शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंची श्लेष्मल त्वचा सरकवून छिद्रावर आणतात आणि मध्ये ग्राफ्ट ठेवतात. त्यासाठी कानशिलावरील स्नायूचे आवरण किंवा रुग्णाचीच कूर्चा घेतात. मात्र त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात पुरेशी कूर्चा उरलेली नसते. म्हणून मृत दात्याची त्वचा, डुकराच्या लहान आतड्याचा थर इत्यादींमधून पेशी काढून टाकून उरलेल्या जाळीचा उपयोग पुढे आला. या जाळीच्या आधाराने रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वाढाव्यात, ही अपेक्षा.

ती अपेक्षा आधी प्राण्यांत तपासतात. भूल देऊन सशाच्या पडद्यात ठरावीक मापाचे छिद्र करतात. काही सशांत ग्राफ्ट बसवितात, तर काहींत छिद्र तसेच ठेवतात. ही दुसरी तुकडी नसेल तर निष्कर्षाला अर्थ नाही, कारण निरोगी प्राण्यातील ताजी जखम आपोआपही आक्रसू शकते. ठरावीक काळानंतर छिद्र बुजले का, एवढेच पाहून भागत नाही. श्लेष्मल त्वचा दोन्हीकडून पूर्ण धरली का, तीवर सूक्ष्म केसल पुन्हा आले का, दाह किती आहे व ग्राफ्टची जागा नव्या ऊतीने घेतली का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

या चाचण्यांची मर्यादाही तेवढीच महत्त्वाची आहे. सशाचे छिद्र ताजे असते; आमच्या रुग्णाचे जुने, व्रणग्रस्त व कडेला रक्तपुरवठा कमी असलेले असते. शिवाय ससा नाकानेच श्वास घेतो. त्याचे नाक चोंदणे त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच अशा प्रयोगांत प्राण्याची काळजी ही औपचारिक बाब नाही. रसेल व बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या कमी ठेवावी व यातना कमी कराव्यात. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख असते.

प्राण्यांतील यश हे माणसांतील चाचणीचे प्रवेशपत्र होय, वापराचा परवाना नव्हे. मान्यताही विशिष्ट उपयोगापुरती असते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून विकसित केलेल्या पटलास २०२३ साली केंद्रीय नियंत्रकांची मान्यता मिळाली. ती जखमा भरण्यासाठी. तेवढ्यावरून ते नाकाच्या पडद्यासाठी सिद्ध झाले, असे म्हणता येणार नाही.

चर्चा सुरू असतानाच एका रुग्णाने डॉक्टरांना विचारले, "हे कोणत्या प्राण्याचं आहे?" प्रश्न साधा होता, परंतु आमच्या संमतिपत्रात त्याचे उत्तर लिहिण्यास जागाच नव्हती. श्रद्धेचा वा आहाराचा प्रश्न ज्याच्या त्याच्या विवेकाचा. माहिती देणे मात्र आमचे कर्तव्य. ही उणीव आम्ही मान्य करतो.

त्यानुसार समितीने ठरविले की, प्रथम पसंती रुग्णाच्या स्वतःच्या ऊतीस राहील. ती पुरेशी नसेल तेव्हाच, माणसांतील निष्कर्ष व या उपयोगाची मान्यता पाहून, नवे पटल रुग्णागणिक मागविले जाईल. साठा करून ठेवला जाणार नाही. मराठी संमतिपत्रात पटलाचा स्रोत स्पष्ट लिहिला जाईल आणि अशा प्रत्येक रुग्णाची वर्षभर नोंद ठेवली जाईल, यश आले तरी आणि अपयश आले तरी. नवे ते नाकारावे असा आमचा आग्रह नाही. आपण विश्वासाने दिलेल्या प्रत्येक रुपयाचा व रुग्णाने विश्वासाने दिलेल्या संमतीचा हिशेब आम्हांस देता यावा, एवढीच इच्छा आहे.