हिरव्या पडद्याआड

आमच्या ओपीडीतला हिरवा पडदा ओढला की कड्या खर्रकन वाजतात. सतरा वर्षं मी हा आवाज ऐकतेय. गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना व्यायाम शिकवणं हे माझं काम. पण या कामातलं खरं बोलणं पडदा ओढल्यावर लगेच सुरू होत नाही, ते सुरू होतं बाई निघायच्या वेळी. केसपेपरवर ‘कंबरदुखी’ लिहिलेलं असतं. कंबर तपासून होते, व्यायाम दाखवून होतात. बाई चपला घालते, पडद्याला हात लावते आणि तशीच थांबते.

‘मॅडम, अजून एक विचारायचं होतं.’

या ‘अजून एक’साठी मी दोन पेशंटच्या मधली दहा मिनिटं मोकळी ठेवते.

कंबरदुखी खोटी असते असं नाही. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकामुळे सांध्यांचे बंध सैलावतात, पोटाचा भार पुढे येतो आणि कमरेच्या हाडांचे सांधे कुरकुरायला लागतात. रात्री कुशीवर वळताना कळ येते. एका पायावर उभं राहून सलवार घालताना जीव जातो. तिथे साध्या गोष्टी कामाला येतात: खुर्चीवर बसून कपडे घालायचे, वळताना दोन्ही गुडघे जुळवून एकदम वळायचं, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. हे सगळं बाई मोकळेपणाने विचारते, घरी सासूलाही सांगते. अडतं ते पुढच्या गोष्टीपाशी.

एक प्राथमिक शिक्षिका आली होती. दुसरं बाळंतपण, सव्वीस आठवड्यांची रजा संपवून शाळेत रुजू झालेली. पहिल्याच दिवशी प्रार्थनेच्या रांगेत तिला शिंक आली आणि साडी ओली झाली. तेव्हापासून ती फक्त गडद रंगाच्या साड्या नेसत होती आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हती. हे सांगता सांगता तिने पर्स उघडून दाखवली. डस्टर आणि खडूच्या डबीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एक परकर होता. ‘रोज नेते,’ म्हणाली. आईने आणि मावशीने तिला एकच सांगितलं होतं, दोन पोरं झाली की असं व्हायचंच.

हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकताना राग येतो. असं पुष्कळ जणींना होतं, हे खरं. पण ते सोसतच राहायचं असतं, हे अजिबात खरं नाही. ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हे सगळं त्या झोळीवर विसावलेलं असतं. नऊ महिने तिच्यावर ओझं पडतं, प्रसूतीत ती ताणली जाते. सिझर झालेल्या बाईचीही यातून पूर्ण सुटका नसते, कारण नऊ महिन्यांचं ओझं तिनेही वाहिलेलंच असतं. आणि पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, मूत्राशय आणखी चिडतं. शिक्षिकेचा उपाय तिच्याच अंगावर उलटत होता.

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा व्यायाम आज सगळ्यांना ऐकून माहीत असतो. तो शिकवणं मात्र अवघड, कारण हात-पाय हलताना दिसतात आणि हे स्नायू दिसत नाहीत. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ‘आतून आवळा’ एवढंच सांगून बायकांना घरी पाठवत होते. एक बाई दोन महिन्यांनी परत आली. रोज न चुकता व्यायाम करत होती आणि त्रास वाढला होता. तपासलं तेव्हा कळलं, ती श्वास कोंडून खाली जोर देत होती. स्नायू वर उचलायचे, आणि ती शौचाला बसल्यासारखी खाली ढकलत होती. दोन महिने तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. ते मला फार लागलं. त्या दिवसापासून स्नायू नीट उचलला जातोय याची तपासून खात्री केल्याशिवाय मी कुणालाही घरी पाठवत नाही.

नेमका शब्द मला पुस्तकात सापडला नाही. तो दिला एका आजेसासूने. नातसुनेला काही केल्या जमेना, तेव्हा पडद्याबाहेर बसलेली म्हातारी तिथूनच ओरडली, ‘अगं, बटव्याची नाडी ओढ आणि बटवा वर उचल!’ नातसुनेला त्याच क्षणी जमलं. त्यानंतर मी हेच सांगते. नाडी ओढा, बटवा उचला, श्वास चालू ठेवा, मग पूर्ण सैल सोडा. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. सैल सोडणं तितकंच महत्त्वाचं. काही जणींचे हे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना आवळायला सांगितलं तर दुखणं वाढतं. म्हणून मोबाइलवर बघून सुरू करू नका, आधी दाखवून घ्या.

सासवांशी माझं भांडण असेल असं लोकांना वाटतं. तसं मुळीच नाही. शेक, मालिश, सव्वा महिना अंथरुणाजवळ राहणं, या सगळ्यात बाळंतिणीची काळजी आहे आणि ती मोलाची आहे. वाद होतो तो पोटपट्ट्यावर. एक सासूबाई जुनं नऊवारी लुगडं फाडून सुनेचं पोट इतकं करकचून बांधायच्या की तिला धड श्वास घेता येईना. मी सुनेला उताणं झोपवलं, गुडघे दुमडले आणि मान थोडी उचलायला सांगितली. मग सासूबाईंचा हात धरून त्यांची बोटं बेंबीच्या वर ठेवली. दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या मधल्या खाचेत त्यांची तीन बोटं आरामात गेली. त्या दचकल्या. ‘हे बांधून मिटणार नाही का?’ मी म्हटलं, पट्ट्याने आधार वाटतो, पण खाच भरायची तर स्नायूंनाच काम करावं लागेल. आणि फार घट्ट बांधलं की सगळा दाब खाली, त्या झोळीवर जातो. दुसऱ्या दिवसापासून त्या लुगडं सैल बांधायला लागल्या आणि व्यायामाच्या वेळी बाळाला स्वतःकडे घ्यायला लागल्या. बाळंतिणीला दिवसातून पंधरा मिनिटं मोकळी मिळणं हा निम्मा उपचार आहे.

बाळंतिणींचं आणखी एक दुखणं अंगठ्याचं: बाळाला काखेत धरून उचलताना मनगटाच्या कडेला कळ येते. तळव्याची ओंजळ करून बाळाला खालून उचला आणि कळ राहिलीच तर लगेच दाखवा.

सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती एक मालिशवाली मावशी. एका बाळंतिणीबरोबर ती तीन वेळा आली, प्रत्येक वेळी कोपऱ्यात उभी राहून बघत होती. चौथ्या वेळी बाळंतीण रिक्षात बसली आणि मावशी जिना चढून परत आली. खालच्या आवाजात म्हणाली, ‘बाई, माझं अंग बाहेर येतं.’ किती वर्षं? धाकट्या लेकीच्या वेळेपासून. लेक बावीस वर्षांची झाली होती. बावीस वर्षं ही बाई पाटावर उकिडवी बसून दुसऱ्यांच्या लेकी-सुनांना अंघोळी घालत होती, कढत पाण्याचे हंडे उचलत होती आणि स्वतःचं अंग हाताने आत सारत होती. मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गर्भाशय सावरून धरणारी रिंग बसवली, आम्ही व्यायाम सुरू केले, हंडा उचलायच्या जागी ती तांब्याने पाणी काढायला लागली. आता ती ज्या घरी मालिशला जाते तिथे बाळंतिणीला पहिल्याच दिवशी विचारते, ‘शिंकताना काही होतं का गं?’ आणि होत असेल तर माझ्याकडे पाठवते.

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या झोळीच्या स्नायूंच्या व्यायामाच्या दहा बैठकांचा खर्च तिथली सार्वजनिक आरोग्य विमा व्यवस्था उचलते. आपल्याकडे सहा आठवड्यांच्या तपासणीत टाके बघतात, बाळाचं वजन बघतात, आणि हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. मी माझ्यापुरता केसपेपर बदलून घेतलाय. नाव आणि वयानंतर पहिला छापील प्रश्न तोच आहे: खोकताना, शिंकताना, हसताना लघवी होते का? तुमच्या डॉक्टरांनी तो विचारला नाही, तर तुम्ही आपणहून सांगा. चपला घालण्याआधी सांगा.