जोड कोण?

होळी झाली की माझा फोन तापायला लागतो. मी सोलापूर जिल्ह्यातल्या कुस्ती मैदानांवर निवेदन करतो. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालो, पण 'मास्तर' ही हाक अजून चिकटलेलीच आहे. जत्रा कमिटीवाल्यांचे प्रश्न ठरलेले. "मास्तर, एक नंबरला कोण घ्यायचा? आणि त्याला जोड कोण?" पैलवानाकडे किताब कोणता आहे, हे ते शेवटी विचारतात. तेही पोस्टरवर छापायचं असतं म्हणून.

टीव्हीवर महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत बघणाऱ्याला वाटतं, पैलवानाचं आयुष्य म्हणजे ती चांदीची गदा. गदा मोठीच आहे, प्रश्नच नाही. पण बदाम, दूध, तूप आणि तालमीचा खर्च भागतो तो मैदानांवर. कार्तिकापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गावोगाव जत्रा, उरूस, पुण्यतिथ्या आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. लोकवर्गणीतून इनाम ठरतं आणि नावाजलेल्या पैलवानाचा आकडा आधीच बोलून घेतलेला असतो. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम निम्मं निम्मं. पावसाळ्यात सगळं बंद. त्या चार महिन्यांत खुराक चालू आणि कमाई शून्य, हे गणित बाहेरच्यांना दिसत नाही.

सुरुवात सगळ्यांची सारखीच. दुपारी तीनच्या उन्हात लहान पोरांच्या कुस्त्या, नारळावर नाहीतर रेवड्यांवर. मग पन्नास रुपये, शंभर रुपये. हलगीचा ठेका वाढत जातो तसं इनामही वाढत जातं. संध्याकाळी दिवे लागल्यावर मोठ्या जोडी. ज्याची जोड ठरलेली नाही, त्या पोराला एखादा जाणता माणूस हात वर धरून फडात फिरवतो. कुणाची छाती झाली तर तो पुढे येऊन हात मिळवतो. वजनकाटा नसतो, नजर असते. मान किती भरली आहे, कान मोडला आहे का, मांडी कशी आहे, एवढं बघून आम्ही सांगतो, ही लागते, ही लागत नाही.

फडात तग धरलेलं पोर मग कोल्हापूरला नाहीतर पुण्याला जातं. आमच्या जिल्ह्याची ही जुनी वाट. मोहोळचा सिकंदर शेख कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेला. त्याचे वडील रशीद शेख स्वतः पैलवान होते आणि संसारासाठी हमाली करत होते. करमाळा तालुक्यातल्या खडकीचा बाला रफिक शेखही पैलवानाचाच मुलगा. तो हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली तयार झाला. २०१८ साली जालन्यात त्याने अभिजित कटकेला ११-३ असं हरवून महाराष्ट्र केसरी जिंकली. गंमत अशी की खडकीचा हा गडी खेळला बुलडाण्याकडून. आमच्याकडे फटाके वाजले आणि कागदावर विजय गेला विदर्भात.

या स्पर्धेची रचना थोडी सांगायला हवी. खुल्या गटात एक माती विभाग आणि एक गादी विभाग. दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात आणि ती लढत होते गादीवर. गावच्या मैदानात वेळेचं बंधन पाळलंच तर नावापुरतं. पाठ लागली की निकाल, नाही लागली तर खडाखडी चालूच. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुणांचा हिशेब. उभ्या स्थितीतून उचलून प्रतिस्पर्ध्याला थेट धोक्यात टाकलं, म्हणजे त्याची पाठ गादीकडे वळवली, तर चार गुण. खालच्या पकडीतून पाठ वळवली तर दोन. मातीत वाढलेल्या पैलवानाचा जीव अशा हिशेबात गुदमरतो. बाला रफिकने ११ गुण घेतले म्हणून तर मला त्याचं अप्रूप.

दोन की चार, याच हिशेबावर जानेवारी २०२३ मध्ये अख्खा महाराष्ट्र भांडला. पुण्यात कोथरूडला माती विभागात सिकंदर आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघंही आमच्याच जिल्ह्याचे. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले आणि सिकंदर बाहेर पडला. त्यानंतर पानटपरीवरचा प्रत्येक माणूस मोबाईलवर ती टांग मागे-पुढे करून बघत होता. सिकंदरची पाठ पूर्ण वळली होती की तो कुशीवर पडला होता? पंचाला धमकीचा फोन आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. मला कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणायचो की आपल्या मैदानात ही कुस्ती तिथे संपलीच नसती. दोघं उठले असते, कपाळाला माती लावली असती आणि पुन्हा भिडले असते.

अंतिम लढत महेंद्र आणि शिवराज राक्षे यांच्यात झाली. दोघंही काका पवारांच्या तालमीतले. शिवराज जिंकला, त्याला थार गाडी मिळाली. ही जोड मी जत्रेत कधीच लावली नसती. एका तालमीच्या दोन पोरांची कुस्ती लावली की पब्लिक मिनिटभरात 'नुरा, नुरा' ओरडायला लागतं. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. राजकारणावर लिहिणाऱ्यांनी हा शब्द हल्ली इतका वापरलाय की तो फडातला आहे हेच लोक विसरलेत. गावकरी बाकी काहीही खपवून घेतील, बरोबरीसुद्धा. नुरा नाही.

आणि तरी ठरवलेल्या कुस्तीवर याच देशातल्या लोकांनी जीव टाकला आहे. माझ्या वडिलांच्या पिढीत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या कुस्त्यांची वर्णनं सोलापूरच्या गिरण्यांमध्ये पाळी बदलताना व्हायची. १९६८ साली मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक किताब घेतला. ती फ्रीस्टाइल म्हणजे दोर बांधलेल्या चौकोनातला खेळ. त्यात ताकद खरी, पडणं खरं, पण गोष्ट आधी रचलेली. माझ्या शाळेतली पोरं पुढे टीव्हीवरच्या फ्रीस्टाइलमधल्या अंडरटेकरचे पत्ते मधल्या सुट्टीत खेळायची आणि तासाला मला विचारायची, "सर, ते खरं असतं का?" त्या धंद्यातला मल्ल एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जातो. कंपनी बदलली की नाव, वेश, कधीकधी गावसुद्धा बदलतं. आमच्या पैलवानाचं नाव बदलत नाही, नावाआधीचा किताब तेवढा वाढत जातो.

चार गुणांच्या त्या वादानंतर सिकंदरचं काय झालं हे बघण्यासारखं आहे. स्पर्धेतून तो बाहेर पडला, पण मैदानांवर त्याच्याइतकी मागणी कुणालाच नव्हती. मोहोळ तालुक्यातल्या टाकळी सिकंदरला भीमा केसरीचं मैदान भरलं, तिथे त्याने पंजाबच्या भूपेंद्रसिंग अजनालाला हरवलं. हरलेल्या पैलवानाचा भाव वाढलेला मी फार क्वचित बघितला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला त्याने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं आणि महाराष्ट्र केसरीची गदा घेतली.

पण त्याच महिन्यात धाराशिवलाही महाराष्ट्र केसरी झाली. तिथे शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवलं. म्हणजे एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी. कारण असं की मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली उभी केलेली कुस्तीगीर परिषद २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघाने बरखास्त केली आणि राज्य कुस्तीगीर संघाला मान्यता दिली. परिषदेने ते मानलं नाही. तेव्हापासून दोघंही गदा देतात. २०२५ मध्ये संघाची स्पर्धा अहिल्यानगरला झाली, तिथे पृथ्वीराज मोहोळ जिंकला. अंतिम लढतीत त्याच्यासमोर पुन्हा महेंद्र होता. पंचांशी वाद घालून तो लढत सोडून गेला आणि तीन वर्षांची बंदी घेऊन बसला. परिषदेची स्पर्धा कर्जतला झाली आणि ती सोलापूरच्याच वेताळ शेळकेने मारली. माझ्या मते दोन्हीकडच्या पैलवानांनी घाम सारखाच गाळला, त्यामुळे मी पुकारताना दोघांनाही महाराष्ट्र केसरीच म्हणतो. भांडण खुर्चीवाल्यांचं आहे. शिवाय संघटनेची बंदी संघटनेच्या स्पर्धेपुरती असते. जत्रा कमिटी असला कागद बघायला मागत नाही.

लीगचा प्रयोगही होऊन गेला. २०१५ च्या डिसेंबरात प्रो रेसलिंग लीग सुरू झाली, पहिलं विजेतेपद मुंबई गरुडाने घेतलं. २०१९ नंतर ती बरीच वर्षं थंडावली. २०१८ मध्ये झी टॉकीजने पुण्यात कुस्ती दंगल भरवली. काही संघांचे मालक सिनेमातले, सई ताम्हणकरचा कोल्हापुरी मावळे हा त्यातलाच. पोरांना पैसे मिळाले, मानाची वागणूक मिळाली. पण लीगला वजनगट लागतात आणि आमचे निम्मे मैदानी पैलवान कुठल्याच गटात नीट बसत नाहीत.

लीगच्या आधीच्या काळाचं सांगतो. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर बोरामणी लागतं. या एका गावातल्या एका घराने तीन महाराष्ट्र केसरी दिले. इस्माईल शेख १९८० साली, त्यांचे धाकटे भाऊ अप्पालाल १९९२ साली आणि पुतणे मुन्नालाल २००२ साली. दर दहा-बारा वर्षांनी एक. त्या काळात थार नव्हती. गदा, फेटा, मिरवणूक आणि पुढच्या हंगामात वाढलेला आकडा एवढीच कमाई. अप्पालाल शेख २०२० मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. ज्येष्ठ मल्लांचं सरकारी मानधन तेव्हा महिना अडीच हजार होतं, ते साडेसात हजार करायची घोषणा झाली २०२३ मध्ये. तोवर बरेच जण उरले नव्हते.

आता पोरं हुशार झाली आहेत. विजय चौधरी तीनदा महाराष्ट्र केसरी होऊन पोलीस उपअधीक्षक झाला, हे प्रत्येक तालमीत माहीत आहे. म्हणून गादीचा सराव, राष्ट्रीय पदक आणि नोकरी अशी वाट ती धरतात. त्यांचं बरोबरच आहे.

फक्त गदा मिळाली की आमची पंचाईत होते. मोठ्या नावाला इथे जोड मिळत नाही. बरोबरीचे टाळतात, कारण हरले तर भाव पडतो. खालचे परवडत नाहीत, कारण लोक पैसे परत मागतील. मग पंजाब, हरियाणाकडे फोन लावायचे, रेल्वेची तिकिटं काढायची, एखादा इराणी मिळतो का बघायचं. गेल्या हंगामात एका कमिटीने मला सांगितलं, "मास्तर, केसरी राहू द्या. दोन नंबरच्या चार कुस्त्या लावा, पण निकाली लावा." वर्गणी तेवढीच होती. चारही लावल्या. तीन चितपट झाल्या. चौथी रात्री साडेअकराला पंचांनी बरोबरीत सोडवली तेव्हा दोघंही आणखी खेळायचं म्हणून हुज्जत घालत होते आणि हलगीवाला पैसे मागत होता.