हरवलेल्या ग्रंथांची मोजदाद करणारा प्राध्यापक

कार्डिफ विद्यापीठाने २०२५च्या जानेवारीत आधुनिक भाषांचा विभाग बंद करायचा प्रस्ताव मांडला. बराच गदारोळ झाला आणि विभाग आकसून का होईना, वाचला. त्याआधी २०२३मध्ये ॲबर्डीन विद्यापीठाने भाषांची स्वतंत्र पदवी बंद करायचं ठरवलं होतं. या वादात दोन्ही बाजू विद्यार्थीसंख्या आणि खर्चाचे आकडे पुढे करतात. एक प्राध्यापक एकाच विषयाला चाळीस वर्षं देतो तेव्हा काय उभं राहतं, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. तो मांडायचा तर ॲलन डायरमंड यांच्यापासून सुरुवात करावी.

डायरमंड यांचा जन्म १९३२चा, कैरोतला. ऑक्सफर्डला शिकून १९५५मध्ये ते लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात लागले. ते तेव्हा मुलींचं कॉलेज होतं. १९८९मध्ये ते क्वीन मेरी कॉलेजात विलीन झालं, तरी डायरमंड निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. विषय एकच : मध्ययुगीन स्पॅनिश साहित्य. १९७१मध्ये त्यांनी इंग्रजीत लिहिलेला या साहित्याचा इतिहास दोनच वर्षांत स्पॅनिशमध्ये आला आणि खुद्द स्पेनमधले विद्यार्थी तो अभ्यासू लागले.

त्या काळी स्पेनमध्ये या विषयात रामोन मेनेंदेस पिदाल या अभ्यासकाचा शब्द प्रमाण होता. वीरकाव्यं लोकांत जन्मली, गायकांच्या तोंडी वाढली, असं ते म्हणत. ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी या मताला धक्के दिले. ऑक्सफर्डच्या पीटर रसेल यांनी १९५२मध्ये सिद या स्पॅनिश वीरावरच्या काव्यातल्या राजपत्रांवरचे शिक्के तपासले आणि हे काव्य पिदाल मानतात तितकं जुनं नसावं, असा युक्तिवाद केला. डायरमंड यांनी १९६९च्या ग्रंथात याच सिदच्या तरुणपणावरचं काव्य हाती घेतलं. त्यात पालेन्सियाच्या धर्मपीठाचं महत्त्व जागोजाग ठसवलेलं त्यांना दिसलं. आपल्याकडे क्षेत्रमाहात्म्यं रचली जात, तसंच काहीसं. या रचनेमागे शिकलेल्या धर्मसेवकाचा हात आहे, असं त्यांनी दाखवलं. माझ्या मते पिदाल पूर्ण खोटे ठरले नाहीत; पण ‘लोकांनी रचलं’ असं म्हणून थांबायची सोय उरली नाही.

मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांचं दुसरं काम. मध्ययुगीन कॅस्टिलमधल्या, आज उपलब्ध नसलेल्या ग्रंथांची त्यांनी सूची केली. वीरकाव्यांचा आणि रोमान्स या काव्यप्रकाराचा खंड १९९५मध्ये निघाला. जे नाही त्याची सूची करायची कशी? जुन्या ग्रंथालयांच्या याद्या धुंडाळायच्या. बखरकाराने एखादं काव्य गद्यात उतरवताना यमकं तशीच राहून गेली असतील, तर ती टिपायची. एखादा लेखक आपल्याच दुसऱ्या ग्रंथाचा उल्लेख करतो, त्याची नोंद घ्यायची. कधी तुकडा तेवढा हाती लागतो : रोन्सेस्वायेसच्या वीरकाव्याची जेमतेम शंभर ओळींची दोन पानं पाम्प्लोनात सापडली. बाकीचं काव्य गेलं.

चौदाव्या शतकातला हुआन मानुएल हा राजघराण्यातला लेखक घ्या. नकला करणारे चुका करतात आणि दोष लेखकाच्या माथी येतो, याचा त्याने धसका घेतला होता. म्हणून आपले ग्रंथ स्वतः तपासून त्याने एक पोथी सिद्ध केली आणि पेन्याफिएलच्या मठात ठेवली. शंका आली तर मूळ पोथी पाहा, असं वाचकांना बजावून ठेवलं. नेमकी तीच पोथी नाहीशी झाली! त्याने आपल्या ग्रंथांची यादी दिली होती म्हणून त्याचा एक काव्यसंग्रह होता आणि तो गेला, एवढं तरी कळतं.

मराठी वाचकाला यात परकं काय आहे? पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६मध्ये शुद्ध केली, ती याच काळजीपोटी. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, असं महानुभाव परंपरा सांगते. त्या परंपरेतल्या मराठी ग्रंथांची सूची १९६०मध्ये लंडनमध्येच छापली गेली. ती करणारे इयान रेसाइड लंडन विद्यापीठाच्या ‘सोआस’ या संस्थेत मराठी शिकवत. दोन इंग्रज अभ्यासक, एकाच शहरात, परक्या भाषांच्या जुन्या पोथ्यांमागे आयुष्य घालवत होते. त्यांना नेमणारी, पगार देणारी आणि घाई न करणारी विद्यापीठं होती म्हणूनच हे झालं.

डायरमंड यांनी वेस्टफील्डमध्ये मध्ययुगीन हिस्पॅनिक अभ्यासाचं चर्चासत्र सुरू केलं. नवखे संशोधक तिथे आपलं कच्चं लेखन जाणत्यांसमोर वाचत आणि तिथल्या तिथे खोडून घेत. २००९मध्ये डायरमंड गेले. असं चर्चासत्र गुरूमागेही चालू शकतं, पण विभागच बंद केला तर ते बसणार कुठे? जुनी लिपी वाचायला माणूस माणसाशेजारी बसूनच शिकतो. ही साखळी तुटली की दहा वर्षांनी पैसे देऊनही जोडता येत नाही. कार्डिफच्या हिशेबनीसांना हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं.

आपल्याकडे मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आलं. ‘लीळाचरित्र’ जिथे लिहिलं गेलं, तेच हे रिद्धपूर. या विद्यापीठाने मराठीतल्या हरवलेल्या ग्रंथांची सूची हाती घ्यावी : कुठल्या ग्रंथात कुठल्या गेलेल्या ग्रंथाचं नाव येतं, कुठल्या मठाच्या यादीत काय होतं. त्यासाठी महानुभावांची सांकेतिक सकळ लिपी वाचणारी दोन-तीन तरुण माणसं कायमच्या नोकरीवर घ्यावीत, अकरा महिन्यांच्या करारावर नव्हे.