मार्जरी केम्पचे साक्षीदार

लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने आपली हकिकत सांगितली आणि पुरुषांनी ती उतरवून घेतली, तर त्या पुस्तकात बोलते कोण? इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील लिन या बंदरात सुमारे १३७३ साली जन्मलेल्या मार्जरी केम्पच्या आत्मकथनाभोवती हा वाद जुनाच आहे. ती महापौराची मुलगी आणि चौदा मुलांची आई होती. बिअरचा धंदा बुडाल्यावर ती ईश्वराशी बोलू लागली, चर्चमध्ये हंबरडा फोडून रडू लागली. अशा बाईच्या शब्दाला वजन आले कुठून? धर्मगुरूंच्या शिफारशींमुळे, असे सहसा सांगितले जाते. शिफारशी पुस्तकात आहेतही. पण त्याची खरी ताकद विरोधकांना मोकळेपणी बोलू देण्यात आहे.

काळ जोखमीचा होता. तिच्याच चर्चमध्ये पूर्वी पुरोहित असलेल्या विल्यम सॉट्रेला पाखंडी ठरवून १४०१ साली जाळले होते. १४०९च्या कँटरबरीचे आर्चबिशप अरुंडेल यांच्या नियमांनी परवान्याशिवाय प्रवचनाला बंदी घातली. १४१७ साली यॉर्कच्या आर्चबिशपांसमोर तिची चौकशी झाली, तेव्हा एका धर्मपंडिताने ग्रंथ उघडून बाईने प्रवचन करू नये हे संत पॉलचे वचन दाखवले. आपण प्रवचनपीठावर चढत नाही, चार चांगल्या गोष्टी बोलतो एवढेच, असे तिने उत्तर दिले. मग दुराचारी पुरोहिताची गोष्ट सांगितली: नाशपातीचा मोहोर खाऊन त्याची विष्ठा करणारे अस्वल म्हणजे तो पुरोहित! आर्चबिशपांना गोष्ट आवडली, पंडिताला झोंबली. तरीही शेवटी आर्चबिशपांनी एका माणसाला पाच शिलिंग देऊन तिला हद्दीबाहेर नेऊन सोडायला सांगितले.

यावर आक्षेप असा, की आर्चबिशपांचे बोलणेही आपल्यापर्यंत तिच्याच तोंडून येते. मग ती साक्ष स्वतंत्र कशी? आक्षेप रास्त आहे. पण केवळ फुशारकी मारायची असती तर हकालपट्टी आणि ते पाच शिलिंग तिने गाळले असते. दुसरा आक्षेप लेखनिकांचा. पहिला मसुदा धड इंग्रजी ना धड जर्मन अशा भाषेत होता. तो लिहिणारा तिचा मुलगाच असावा, या तर्काला ग्दान्स्क येथील १४३१च्या एका पत्राने बळ मिळाले आहे. १४३६ साली पुनर्लेखन करणाऱ्या पुरोहिताने आधी भीतीपोटी चार वर्षे चालढकल केली, आणि तिच्या रडण्यावरचा त्याचा विश्वास एकदा डळमळलाही होता. अभ्यासक लिन स्टेली यांच्या मते हा लेखनिक म्हणजे लेखिकेने रचलेले पात्रच. तसे मानले तरी मुद्दा टिकतो: पात्र रचताना तिने भक्त उभा न करता संशयी माणूस उभा केला.

याची उलट तपासणीही इतिहासाने करून ठेवली आहे. सुमारे १५०१ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने या ग्रंथातून काही पानांचे पुस्तक छापले. त्यात चौकश्या, प्रवास, भांडणे जवळपास नाहीत. उरली ती ईश्वराचे ऐकून घेणारी शांत भाविक. पुढे १५२१च्या आवृत्तीत तर जगभर हिंडलेल्या या बाईला कोठडीत राहणारी एकांतवासिनी म्हटले गेले. विरोधक काढून टाकल्यावर तिच्या शब्दाला उसनी पदवी जोडावी लागली. १९३४ साली एका खासगी घरात पूर्ण हस्तलिखित सापडले, तेव्हा निराशेचा सूरही निघाला: गूढवादी संत शोधणाऱ्यांना वादात अडकलेली बाई मिळाली. परंतु पदवी, परवाना, लेखणी यांपैकी काहीच हाती नसलेल्या माणसाला अधिकार मागून मिळत नव्हता; तो चारचौघांत वाद घालूनच कमवावा लागे, आणि त्या वादाची नोंद हाच तिचा पुरावा होता.