लिनक्सवर ब्रॉडबँड चालत नाही? आधी हा एक प्रश्न विचारा

उचगावात माझ्या मावशीकडे फायबर कनेक्शन घेतलं. घरातला जुना पीसी विंडोज ११ घेत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं होतं. जोडणीला आलेला पोरगा स्क्रीन बघून म्हणाला, "यावर नेट चालत नाही. विंडोज टाका." मावसभावाचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा राहिलेला, त्यामुळे तो घाबरला.

खरं तर फायबरला तुमची ऑपरेटिंग सिस्टिम कळतही नाही. विचारायचं एवढंच: कनेक्शनचा युजरनेम-पासवर्ड कोण टाकतंय, राउटर की कॉम्प्युटर?

बरेच प्रोव्हायडर ग्राहक ओळखण्यासाठी पीपीपीओई ही १९९९ पासूनची पद्धत वापरतात. लॉगिन झालं की नेट सुरू.

राउटर लॉगिन करत असेल तर: लॅन केबल लावा, झालं. लिनक्स आयपी ॲड्रेस आपोआप घेतं. वायफाय दिसत नसेल तर बहुतेक ड्रायव्हर नसतो. फोन यूएसबी केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि 'ड्रायव्हर मॅनेजर'मध्ये ड्रायव्हर मिळतो का बघा.

बॉक्स ब्रिज मोडवर असेल तर: लॉगिन कॉम्प्युटरला करावं लागतं. मावशीकडे हेच होतं.

१. बॉक्समधून लॅन केबल पीसीला लावा.
२. मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन' उघडा.
३. अधिकच्या चिन्हावर क्लिक करून 'डीएसएल/पीपीपीओई' निवडा.
४. युजरनेम-पासवर्ड टाका. 'सर्व्हिस' रिकामं ठेवा. सेव्ह करा आणि नेटवर्कच्या चिन्हावरून कनेक्ट करा.

दहा मिनिटांत नेट चालू झालं, फॉर्मही गेला. पण ही सोय तात्पुरतीच ठेवा. पीसी बंद केला की नेट बंद, आणि घरातल्या फोनना वायफाय मिळत नाही. शिवाय पीसी थेट इंटरनेटला उघडा पडतो, म्हणून फायरवॉल चालू करा. नंतर ऑपरेटरला सांगून लॉगिन राउटरमध्येच टाकून घ्या. मग पीसीवरचं लॉगिन काढून टाका, कारण बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच लॉगिन चालतं.

अजून दोन गोष्टी:

- काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात? राउटरमध्ये एमटीयू १४९२ आहे का बघा. इथरनेटच्या पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यातले ८ पीपीपीओई घेतं.
- बॉक्सवर 'लॉस'चा लाल दिवा लागलाय? मग सिग्नलच येत नाही. फायबर तुटली किंवा सुटली असणार. सेटिंग बदलत बसू नका, ऑपरेटरला फोन करा.

पुढच्या वेळी कोणी "विंडोज टाका" म्हणालं, तर शांतपणे विचारा, "दादा, बॉक्स ब्रिजवर आहे की राउटर मोडवर?"