पैज लावली, नाव आलंच नाही

१५ ऑगस्ट २०२५, सकाळचे सात. वाकोल्यातल्या आमच्या गल्लीत दुसऱ्या दिवशीच्या दहीहंडीची तयारी चालू होती आणि आम्ही चौघं मैत्रिणीच्या घरी टीव्हीसमोर वही घेऊन बसलो होतो. लाल किल्ल्यावरून पंतप्रधान कुठल्या परदेशाचं नाव सर्वात जास्त वेळा घेतील, यावर पैज. हरेल त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा.

ऑपरेशन सिंदूरला तीनच महिने झालेले, म्हणून तिघांनी डोळे झाकून पाकिस्तान सांगितला. मैत्रीण मात्र ‘अमेरिका’वर अडून बसली. तिचे बाबा अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांत हिरे बसवतात. तिथला बराच माल अमेरिकेला जातो आणि ट्रम्प यांनी भारतावरचा टॅरिफ ५० टक्क्यांवर नेण्याचा आदेश काढून जेमतेम नऊ दिवस झाले होते.

बातम्यांत गाजतोय तोच देश भाषणात येणार, असा आमचा हिशेब. २०२४ ला तो जमला असता. शेख हसीना ५ ऑगस्टला देश सोडून गेल्या आणि दहा दिवसांनी भाषणात बांगलादेश आला. पण २०२० ला पार गंडलो असतो. गलवानमध्ये २० जवान शहीद होऊन दोन महिने झालेले, तरी भाषणात ‘एलओसीपासून एलएसीपर्यंत’ एवढंच. चीनचं नाव नाही. २०१६ ला बलुचिस्तान आणि गिलगिट आले होते. ते पाकिस्तानच्या खात्यात धरायचे का, यावर आदल्या रात्री आमचं चांगलंच वाजलं. (अमेरिकेत कल्शीसारख्या साइटवर नेता कुठला शब्द बोलेल यावर खरे पैसे लावतात. तिथेही असलीच भांडणं होत असणार!) शेवटी ठरलं, तोंडातून निघालेलं नावच मोजायचं.

भाषण १०३ मिनिटं चाललं. पाकिस्तान आला, सिंधू करार आला, आमच्या वहीत रेघा वाढत गेल्या. मग शेतकरी, मच्छीमार, पशुपालकांसाठी मोदी भिंतीसारखा उभा आहे, असं वाक्य आलं. भिंत कोणासमोर, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मैत्रीण पेन धरून थांबली. त्या वाक्यात नाव नव्हतं.

बाबा आत चहा गाळत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “आमच्या लाइनचं काही आलं का गं?”

“शेतकऱ्यांचं आलं, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले. वडापावचे पैसे त्यांनीच दिले. आम्ही नको नको म्हणत होतो.