कण्याचे क्ष-किरणचित्र : प्रथम प्राकृत ओळखावे

आटपाडी परिसरातील मेंढपाळ, डाळिंबाच्या बागेत राबणारे, ऊसतोडणीस जाणारे असे अनेक रुग्ण कटिशूल वा गृध्रसीसाठी वैद्यांकडे येतात. सोबत क्ष-किरणचित्र असते आणि तोंडी ठरलेले वाक्य असते : ‘मणक्यात गॅप आहे.’ वस्तुतः दोन मणक्यांमध्ये अवकाश दिसणे हेच प्राकृत होय. तेथे गादी असते. ती क्ष-किरणांत उमटत नाही, म्हणून जागा रिकामी भासते. हा अवकाश कमी होणे विचारणीय असते. दोष शोधण्यापूर्वी प्राकृत ओळखणे अगत्याचे आहे, ते यासाठीच.

सुश्रुतांनी पृष्ठातील अस्थी 30 मानून त्यांचा समावेश वलय प्रकारात केला. आधुनिक गणनेनुसार मणके सामान्यतः 33 : मानेचे 7, पाठीचे 12, कमरेचे 5, त्रिकास्थीचे जुळलेले 5 व माकडहाडाचे 4.

चित्र हाती घेताच नाव, वय, दिनांक व डावी-उजवी खूण पाहावी. समोरून घेतलेल्या चित्रात मणक्याच्या चौकोनी पिंडावर दोन बाजूंस दोन लंबगोल वलये दिसतात. पिंड व मागील कमान यांना जोडणारे हे पेडिकल होत. मध्ये कंटकाची छाया असते. जणू दोन डोळे व मधले नाक! प्रत्येक मणक्यास हे डोळे जोडीने असावेत व कंटक एका रेषेत असावेत.

बाजूच्या चित्रात पिंडांच्या पुढील कडा, मागील कडा व कंटकांची मुळे जोडणाऱ्या तीन रेषा अखंड असाव्यात. मान व कंबर पुढे, तर पाठ मागे वळलेली असते. पिंडांच्या कडा स्पष्ट असाव्यात. कमरेत गादीचा अवकाश खाली वाढत जातो. मात्र पाचवा मणका व त्रिकास्थी यांमधील अवकाश प्राकृत असूनही अरुंद असू शकतो.

वयपरत्वे कडांवर उगवणारे अस्थ्यंकुर वेदना नसणाऱ्यांतही आढळतात. ‘हाड वाढले’ असे सांगून रुग्णास भयभीत करू नये.

याउलट, एक डोळा दिसेनासा होणे अर्बुदाची शंका निर्माण करते. आतड्यातील वायूच्या छायेनेही पेडिकल झाकले जाऊ शकते, हे लक्षात ठेवावे. लगतच्या दोन मणक्यांच्या समोरासमोरील कडा पुसट होऊन मधला अवकाश घटला असल्यास क्षयाचा, तर पिंड पाचरीसारखा चेपला असल्यास भग्नाचा विचार करावा. अशा वेळी मर्दन, कटिबस्ती वा मणके हलविण्याची कोणतीही क्रिया न करता रुग्णास अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

चित्र प्राकृत दिसले म्हणजे रोग नाही, असेही नव्हे. अस्थीतील सुमारे 30 ते 50 टक्के खनिजांश घटेपर्यंत तिचा नाश साध्या चित्रात दिसत नाही. ज्वर, वजन घटणे, रात्रीची वेदना, पायांतील दुर्बलता वा मूत्रावरोध असल्यास एमआरआय तपासणीचा आग्रह धरावा. दुर्बलता व मूत्रावरोध यांत तर विलंब नकोच. औषधविक्रेत्यांनीही वेदनाशामक गोळ्या वारंवार नेणाऱ्यास या लक्षणांविषयी आवर्जून विचारावे.

चिकित्सेस हात घालण्यापूर्वीची ही पाच मिनिटे एखाद्या रुग्णाचे पाय वाचवू शकतात.